मोबाइलच्या पडद्यातलं इरिडियम

ठाणे स्टेशनच्या आसपासच्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुटका पडदा घेऊन गेलं की दुकानदार विचारतो, "ओरिजिनल टाकू की इनसेल?" इनसेलचा कॉम्बो, म्हणजे काच आणि पडदा एकत्र जोडलेला भाग, एलसीडीचा असतो आणि स्वस्तात पडतो. ओएलईडीचा कॉम्बो बराच महाग. एलसीडीत मागे दिवा असतो आणि पुढचे ठिपके त्याचा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपक्यातले सेंद्रिय, म्हणजे कार्बनचे, रेणू स्वतः उजळतात. काळा रंग हवा असेल तिथे ठिपका चक्क बंद असतो. उजळणाऱ्या या सेंद्रिय रेणूंपैकी लाल आणि हिरव्या रेणूंच्या पोटात आज इरिडियम किंवा प्लॅटिनम बसलेलं असतं. निळ्याच्या पोटात मात्र बहुतेक फोनमध्ये अजूनही धातू नाही. असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सेंद्रिय पदार्थाला वीज देऊन प्रकाश काढायची खटपट १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये आंद्रे बर्नानोज यांनी सुरू केली. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप यांच्या गटाने अँथ्रासीनचे स्फटिक उजळवले. डांबराच्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनचंच हे तीन कड्यांचं भावंड. पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत, त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर त्याचा उपयोग शून्य.

वळण आलं १९८७ मध्ये, कोडॅक कंपनीत. चिंग तांग तिथे आधी सेंद्रिय सौर घटांवर काम करत होते. दोन वेगळे पातळ थर एकावर एक ठेवायची युक्ती त्यांनी तिथून आणली. स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासोबत त्यांनी ती उलटी वापरली, म्हणजे प्रकाशातून वीज काढण्याऐवजी विजेतून प्रकाश. थर इतके पातळ की दहा व्होल्टच्या आत हिरवा उजेड पडला. उजळणारा पदार्थ होता ॲल्युमिनियमच्या एका अणूभोवती ऑक्झिनचे तीन रेणू असलेला कॉम्प्लेक्स, अल्क्यू-थ्री.

ऑक्झिन, म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलीन, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवं नाही. द्रावणात ॲल्युमिनियम किती आहे हे वजनाने मोजायला तेच वापरतात. पिवळसर साका गाळायचा, वाळवायचा, तोलायचा. ठाण्या-वाशीच्या कॉलेजांतून एमएस्सी केलेल्या अनेकांनी तो साका क्रुसिबलमध्ये पाहिला असेल आणि बेसिनमध्ये धुवून टाकला असेल. अमीबाच्या जुलाबावरच्या जुन्या गोळ्यांतलं औषधही याच ऑक्झिनच्या घरातलं. कोडॅकने काही अद्भुत नवा रेणू शोधला नव्हता. कपाटातल्या जुन्या बाटलीला त्यांनी नवं काम दिलं, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

तरी अडचण होतीच. आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे प्रकाशाचा जेमतेम एक कण बाहेर येत होता. त्याचं एक मोठं कारण भौतिकीचं होतं. इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा रेणूवर एकत्र आली की त्यांच्या स्पिनच्या (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत चुंबकी गुणधर्म) चार जुळण्या होऊ शकतात. त्यांतली एक सिंगलेट, तीन ट्रिपलेट. साध्या सेंद्रिय रेणूत सिंगलेटच प्रकाश देते. तिकिटाच्या चार खिडक्या आणि त्यांतली एकच उघडी, असा प्रकार. पंचाहत्तर टक्के ऊर्जा उष्णतेत वाया. ॲल्युमिनियम इथे काही मदत करत नाही, कारण तो हलका आहे. अणुक्रमांक अवघा १३.

जड अणूजवळ मात्र नियम सैल होतो. केंद्रक जड असलं की इलेक्ट्रॉनचं फिरणं आणि त्याचा स्पिन एकमेकांत गुंततात आणि ट्रिपलेटलाही प्रकाश देता येतो. या फॉस्फरेसन्सचा पडद्यासाठी उपयोग करायचं काम प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्पसन यांनी केलं. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने प्लॅटिनम घातलेल्या पॉर्फिरिनमधून लाल प्रकाश मिळवला. हिमोग्लोबिनमधला हीम याच कुळातला, तिथे लोह असतं. पण हा रेणू प्रकाश द्यायला फार वेळ लावायचा. वीज वाढवली की उद्दीपित रेणूंची गर्दी व्हायची आणि ते एकमेकांना विझवायचे.

पुढच्याच वर्षी इरिडियम आलं. अणुक्रमांक ७७, आणि भोवती फिनाइलपिरिडीनचे तीन लिगंड, म्हणजे धातूला धरून बसलेले रेणू. हा कॉम्प्लेक्सही नवा नव्हता. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी पडद्याचा काही विचार न करता तो बनवून ठेवला होता. तो मायक्रोसेकंदाच्या आसपास उजळून मोकळा होतो, त्यामुळे गर्दी होत नाही. १९९९ मध्ये बाहेर येणारा प्रकाश आठ टक्क्यांवर गेला. २००१ पर्यंत त्याच्या भाऊबंदांनी तो एकोणीसच्या घरात नेला. उरलेला प्रकाश काचेत आणि थरांत अडकतो. आत तयार होणाऱ्या प्रकाशाचा हिशेब केला तर जवळपास शंभर टक्के. लोक १९८७ ला मान देतात, पण माझ्या मते पडद्याचं भवितव्य या तीन-चार वर्षांत ठरलं.

शिवाय धातू तोच ठेवून रंग बदलता येतो. लिगंडमध्ये क्विनोलीनसारखं आणखी एक कडं जोडलं की हिरव्याचा लाल होतो. फ्लुओरीन चिकटवलं की तो निळ्याकडे सरकतो.

सरकतो, पण पोचत नाही. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, आणि ट्रिपलेट ती जास्त वेळ धरून बसतं. असे दोन उद्दीपित रेणू शेजारी आले तर त्यांची एकत्रित ऊर्जा रासायनिक बंध तोडू शकते. मग रेणूच मोडतो. म्हणून कारखान्यांनी निळ्यासाठी जुना, धातू नसलेला, कमी कार्यक्षम पण टिकाऊ फ्लुओरेसंट (फक्त सिंगलेटमधून उजळणारा) रेणूच ठेवला आणि त्याचा ताण कमी करायला अनेक पडद्यांत निळा ठिपका हिरव्यापेक्षा मोठा केला. तरीही निळाच आधी थकतो. जुन्या फोनवर उमटलेली कीबोर्डची पिवळट सावली ही त्याचीच खूण.

बाजारातला प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९९७ मध्ये पायोनियरचा गाडीतला हिरवा स्टिरिओ, २००७ मध्ये सोनीचा अकरा इंची टीव्ही, आणि २०१० नंतर फोन. कोडॅकने २००९ मध्ये हा धंदाच एलजी समूहाला विकला. निळ्याच्या शोधात २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या चिहाया आदाची यांच्या गटाने धातूशिवाय ट्रिपलेट वापरायचा वेगळा मार्ग दाखवला. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने खाली निळा फ्लुओरेसंट आणि वर निळा फॉस्फरेसंट असा दुहेरी थराचा पडदा उत्पादनाच्या पातळीवर तपासून घेतल्याचं जाहीर केलं. वीज सुमारे पंधरा टक्के कमी लागते, असं कंपनी सांगते. म्हणजे निळ्याने अर्धी वाट चाललीय.

इरिडियम महाग असतं हे ऐकून कुणाला जुने कॉम्बो गोळा करावेसे वाटतील. आधी हिशेब करा. उजळणारा थर काही दशक नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा, त्यात कॉम्प्लेक्स पाच-दहा टक्के, आणि त्या कॉम्प्लेक्सच्या वजनात इरिडियम तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. एका फोनमध्ये ते मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतं. टनांत माल मोजणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा आकडा वजनकाट्यावर दिसायचाही नाही. खरी नासाडी कारखान्यात होते. निर्वात भांड्यात पदार्थाची वाफ करून ती बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून काचेवर बसवतात, आणि बराच माल त्या जाळीवर आणि भांड्याच्या भिंतींवरच चिकटून राहतो. परत मिळवण्याजोगं इरिडियम असेल तर तिथे.