लिननवरील तैल व्यक्तिचित्रण

जवसाच्या खोडातील तंतूंपासून विणलेल्या कापडावर, म्हणजे लिननच्या कॅनव्हासवर, तैलरंगांत व्यक्तीचे चित्र रंगविण्याची पद्धती. गंमत अशी, की रंगद्रव्ये घोटण्यासाठी लागणारे तेलही याच वनस्पतीच्या बियांचे असते; मात्र तेल आणि कापड यांचा थेट स्पर्श होऊ द्यायचा नसतो. जवसाचे तेल उडून जात नाही, हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. ते कापडात मुरले तर तंतू ठिसूळ होतात. म्हणून कापडाला आधी सरस लावून त्यावर अस्तर, म्हणजे रंग धरणारा तळथर, चढवितात. सशाच्या कातडीपासून केलेला पारंपरिक सरस दमट हवेत फुगतो व कोरड्या हवेत आकसतो, त्यामुळे रंगथराला तडे जातात. त्याच्या जागी आता बरेच चित्रकार कृत्रिम बंधक वापरतात.

युरोपात व्यक्तिचित्रे पूर्वी मुख्यतः लाकडी फलकांवर रंगवीत. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये कॅनव्हास रुळला. तेथील दमट हवेत भित्तिचित्रे टिकत नसत आणि जहाजांच्या शिडांमुळे मजबूत कापडाची वाण नव्हती. शिवाय चित्र गुंडाळून दूरच्या दरबारी धाडता येई. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने जाड, तिरक्या विणीच्या कापडाचा खडबडीतपणा रंगलेपनात मिसळून घेतला. स्पॅनिश चित्रकार व्हेलाथ्केथ याच्या उत्तरकालीन व्यक्तिचित्रांत रंग इतका पातळ आहे, की जागोजागी वीण दिसते.

सुती कापडापेक्षा लिननचे तंतू लांब व बळकट असतात आणि ताणल्यावर ते कमी सैलावते. धाग्यांतील गाठी हे त्याचे वैशिष्ट्य. निसर्गदृश्यात त्या खपून जातात, पण नेमकी नाकाच्या शेंड्यावर आलेली गाठ प्रकाश पडताच खुपते. त्यामुळे व्यक्तिचित्रासाठी बारीक, घट्ट विणीचे कापड निवडतात.

पांढऱ्या अस्तराऐवजी पारदर्शक अस्तर दिले, तर कापडाचा मूळ करडा-तपकिरी रंग तसाच राहतो. चेहऱ्याच्या चित्रणात याचा मोठा फायदा होतो. पांढऱ्या पृष्ठभागावर पहिला फटकारा नेहमीच गडद भासतो आणि त्वचेच्या छटा फसवतात. मध्यम रंगाच्या कापडावर मात्र उजेड आणि सावली दोन्ही बाजूंनी सुरुवात करता येते. कपाळ, गालाचे हाड, नाकाचा कडा एवढे उजेडाचे भाग जाड सफेत्याने (पांढऱ्या रंगाने) उठविले आणि सावल्या पातळ अंबरने (तपकिरी मातीच्या रंगाने) धरल्या, की मधली छटा बऱ्याच अंशी कापडच पुरविते. मात्र उघडे लिनन कालांतराने काळवंडते, आणि जुना तैलरंग अधिक पारदर्शक होत जातो. आज सुरेख जुळलेली मधली छटा पुढे गडद होणारच; म्हणून सगळा चेहरा कापडाच्या भरवशावर सोडणे धोक्याचे.

खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे ठेवतात, अन्यथा वरचा थर आधी वाळून भेगाळतो. अंबरमधील मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, तर आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग रेंगाळतो; त्यामुळे तळाच्या आरेखनाला अंबर बरा. त्वचेसाठी फार रंग लागतात असेही नाही : स्वीडिश चित्रकार आंदेर्स सोर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगसंचात सफेता, पिवळी माती, हिंगूळ (लाल) आणि काळा एवढेच असतात. त्यातील काळा पांढऱ्यात मिसळला, की उष्ण छटांशेजारी निळसर वाटतो.

वार्निश रंग आतपर्यंत वाळल्यावरच देतात; जाड थर असल्यास त्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते.