विषाणू घातक आहे, पण कोणासाठी?

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला चंदगड तालुका आहे आणि तिथून तिलारी घाट उतरला की सिंधुदुर्गातील दोडामार्ग लागतो. या पट्ट्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. या रोगाचा विषाणू प्रथम सापडला तो १९५७ मध्ये, कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा. हा ताप गोचिडीमुळे पसरतो, म्हणूनच जंगलात मेलेले माकड दिसले की आरोग्य कर्मचारी सावध होतात. परंतु त्या माकडाच्या शरीरात विषाणू कधी शिरला, किती मात्रेत शिरला आणि आधी कोणत्या अवयवात वाढला, हे नुसत्या मृतदेहावरून नेमके सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत निरोगी प्राण्याला मोजून मात्रा द्यावी लागते आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

खरी कसोटी प्राणी निवडताना लागते. २०२० मध्ये हाती आलेला मूळ करोना विषाणू साध्या प्रयोगशाळेतील उंदरांना आजारी पाडू शकत नव्हता, कारण उंदराच्या पेशींवरील एसीई-२ या प्रथिनाला तो नीट चिकटत नव्हता. तेव्हा मानवी एसीई-२ चे जनुक घातलेले उंदीर वापरात आले आणि त्यांच्या जोडीला सोनेरी हॅमस्टर हे उंदरासारखे छोटे प्राणी, ज्यांच्यात असा कोणताही बदल करावा लागला नाही. या हॅमस्टरचे वजन रोज केले जाते. लागण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन घटत जाते, फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा दिसतात आणि बहुतेक प्राणी पुढे सावरतात. ओमायक्रॉन आला तेव्हा तो सौम्य वाटतो आहे तो लसीकरणामुळे की मुळातच, हा प्रश्न माणसांच्या आकडेवारीतून सुटणे कठीण होते. ना लस, ना आधीची लागण, अशा हॅमस्टरमध्येही तो आधीच्या प्रकारांपेक्षा सौम्य ठरला. हे उत्तर मला या साऱ्या पद्धतीचे सर्वात मोलाचे फळ वाटते.

फ्लूसाठी मात्र फेरेट हा मुंगसाएवढा प्राणी लागतो. १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी फ्लूच्या रुग्णांचा घसा धुतलेले पाणी फेरेटच्या नाकात घातले आणि फेरेटना ताप व सर्दी झाली. त्याच कामात एका आजारी फेरेटच्या शिंकेतून एका संशोधकाला फ्लू झाला. आजही दोन पिंजरे स्पर्श होणार नाही पण हवा खेळेल असे शेजारी ठेवून फ्लूचा नवा विषाणू हवेतून पसरतो का, हे तपासतात.

तरीही माणसाच्या जवळचा प्राणी घेतला म्हणजे उत्तर बरोबर येईलच, असे नाही. १९८९ मध्ये फिलिपिन्सहून अमेरिकेतील रेस्टन येथे आणलेल्या माकडांमध्ये इबोलाच्या कुळातील विषाणू पसरला. माकडे मेली, माणसांपैकी काहींना लागणही झाली, पण कोणी आजारी पडले नाही. केवळ माकडे पाहून निष्कर्ष काढला असता, तर तो साफ चुकला असता. म्हणून एकाच विषाणूची पारख दोन-तीन निरनिराळ्या प्राण्यांत करतात आणि ती रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहतात.

या कामात प्राण्याला वेदना होतात, हे झाकून चालणार नाही. आपल्या देशात अशा प्रत्येक प्रयोगाला नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेले की मृत्यूची वाट न पाहता त्या प्राण्याला वेदनामुक्त मरण द्यायचे, हे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते.