कोविडोत्तर फुप्फुसविकार व थकवा

कोविड-१९चा संसर्ग ओसरल्यावरही काही रुग्णांत दम लागणे, कोरडा खोकला आणि थकवा महिनोन्‌महिने टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१मधील व्याख्येनुसार, संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही निदानात न बसणारी लक्षणे कोविडोत्तर स्थितीत मोडतात. दम आणि थकवा सरसकट एकाच दुखण्यात जमा केले जातात. प्रत्यक्षात त्यांची कारणे बहुधा वेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो.

तीव्र न्यूमोनियात वायुकोशांचे, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचे, अस्तर नष्ट होते. ते पुन्हा घडवणाऱ्या पेशीच मोठ्या प्रमाणात मेल्या, तर त्या जागी कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू साचतात आणि वायुकोशांची भिंत जाड होते. अशा भिंतीतून ऑक्सिजन रक्तात सावकाश उतरतो. बसल्या जागी रक्तातील ऑक्सिजन ९६ टक्के दाखवणारा ऑक्सिमीटर जिना चढताच खाली येतो, तो यामुळे. म्हणून ३० मीटरच्या सपाट मार्गावर ६ मिनिटे चालवून मोजणी करतात. ४ टक्के किंवा अधिक घट झाल्यास पुढील तपासणी हवी. गार बोटे आणि नेलपॉलिश यांमुळे आकडा चुकतो. फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री निर्दोष असूनही वायूंची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ चाचणी बिघडलेली असू शकते.

सीटी स्कॅनमधील धूसर काचेसारखे डाग पुष्कळदा काही महिन्यांत विरतात. ताणून रुंदावलेल्या श्वासनलिका मात्र कायमच्या व्रणाकडे बोट दाखवतात. त्यामुळे पहिल्याच स्कॅनवर ‘फायब्रोसिस’ (तंतू साचून झालेला कायमचा व्रण) म्हणून मोकळे होणे घाईचे ठरते. २००३च्या सार्स साथीतील बीजिंगच्या रुग्णांचा १५ वर्षे पाठपुरावा झाला. त्यांतही फुप्फुसांची बहुतेक सुधारणा पहिल्या दोन वर्षांतच दिसली. स्टिरॉइडचा उपयोग दाह शिल्लक असेल तर होतो, जुन्या व्रणावर होत नाही. अनियंत्रित मधुमेहात त्याचा बेताल वापर किती महागात पडतो, हे २०२१मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या (‘काळ्या बुरशी’च्या) रूपाने पाहिले.

थकव्याचे तसे नाही. स्कॅन स्वच्छ असूनही तो असतो. अंथरुणाला खिळल्याने स्नायू गळाले असतील, तर श्वसन-पुनर्वसनाचा फायदा होतो : ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, रुग्णाने स्वतःच्या दमाला ० ते १० गुण देण्याच्या बोर्ग मापनावर ३-४ इतकाच दम लागेल असा व्यायाम. पण श्रमानंतर १२ ते ७२ तासांनी रुग्ण कोलमडत असेल, तर ‘रोज थोडे वाढवा’ हा सल्ला घातक आहे. तिथे कामाचे तुकडे पाडायचे, थकवा येण्याआधीच थांबायचे आणि बऱ्या दिवशी राहिलेली कामे उरकण्याचा मोह टाळायचा. घरच्यांना हा आळस वाटतो. तो आळस नव्हे.

रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ची कमतरता आणि मधुमेह आधी तपासावेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास क्षयासाठी थुंकी तपासावी. अचानक वाढलेला दम, छातीत कळ किंवा एकाच पायाला सूज ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.