पर्स्यूट फोर्स : समीक्षकांचे मत आणि पुण्यातला खेळाडू

पर्स्यूट फोर्स हा सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी निघालेला, गाड्यांच्या पाठलागाचा मारधाडीचा व्हिडिओगेम. इंग्लंडमधल्या बिगबिग स्टुडिओजने तो तयार केला. युरोपात तो नोव्हेंबर २००५ मध्ये आला, अमेरिकेत मार्च २००६ मध्ये. समीक्षकांनी त्यातल्या एका कल्पनेला डोक्यावर घेतले आणि त्याच लेखात पुढे तो किती छळतो याची तक्रारही केली. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याचे गुण शंभरापैकी सत्तरीच्या घरात राहिले. तो नापास झाला नाही, पण पहिल्या वर्गाच्या पुढेही तो फारसा सरकला नाही.

डोक्यावर घेतलेली कल्पना म्हणजे उडी. खेळाडू पोलीस असतो, पुढे गुंडांची गाडी पळत असते. आपली गाडी तिच्या जवळ नेऊन बटण दाबले की नायक धावत्या गाडीवरून दुसऱ्या धावत्या गाडीवर झेप घेतो, तिच्या टपाला किंवा बॉनेटला चिकटून आतल्यांवर गोळ्या झाडतो आणि मग स्टिअरिंग स्वतःच्या हाती घेतो. मारामारी जमली की ‘जस्टिस’ नावाची पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की उडी संथगतीत जाते, हवेतच नेम धरता येतो. त्याच पट्टीच्या बळावर जखमाही भरून काढता येतात. मोटरसायकली, स्पीडबोटी, हेलिकॉप्टर असे सगळे आहे. कॅपेली, वॉरलॉर्ड्स, व्हिक्सन्स, कन्विक्ट्स आणि किलर ६६ अशा पाच टोळ्या आहेत. कथा नावापुरतीच, आणि तिच्याबद्दल कुणी फारसे मनावर घेतलेले नाही. रिचर्ड जॅक्स यांचे वाद्यवृंदी संगीत मात्र वाखाणले गेले, आणि पीएसपीच्या ४.३ इंची पडद्यावर एवढा वेग न अडखळता पळतो याचे त्या काळी खरेच अप्रूप होते. हे यंत्र जपानात डिसेंबर २००४ मध्ये आले होते. पर्स्यूट फोर्सच्या वेळी ते वर्षाचेही झाले नव्हते.

तक्रारींमध्ये सर्वांत मोठी तक्रार काठिण्याची. मिशन लांबलचक, वर घड्याळ चालू, आणि शेवटच्या टप्प्यात चुकलात तर सारे पहिल्यापासून. त्यात प्रत्येक वेळी वरिष्ठ अधिकाऱ्याची तीच ओरड ऐकायची. गाडीतून उतरून पायी केलेला गोळीबारही बऱ्याच जणांना कच्चा वाटला. ही तक्रार रास्त आहे. उडीचा खेळ विकत घेतलेल्याला कोपऱ्याकोपऱ्यावर चालत जाऊन बंदूक रोखायला लावणे म्हणजे मिसळ मागवून पाव तेवढा पुढे येण्यासारखे.

काठिण्याचे मूळ मात्र जुने आहे, आणि परीक्षणांत त्याकडे लक्ष द्यायला हवे होते असे वाटते. पाठलागाच्या खेळांची ही जात आर्केडमधली, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरची. स्पाय हंटर १९८३ चा, तैतो कंपनीचा चेस एचक्यू १९८८ चा. चेस एचक्यूमध्ये ठरलेल्या सेकंदांत गुन्हेगाराची गाडी गाठायची आणि धडका देऊन ती थांबवायची. वेळ संपली की नवे नाणे टाकायचे. तिथे काठिण्य हे गल्ल्याचे गणित होते. पुण्यात ज्यांनी गेम पार्लरमध्ये टोकन घालून जॉयस्टिक पिरगाळली आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही: मागे उभ्या पोरांच्या रांगेसमोर हरायला तीन मिनिटे पुरत, आणि मालकाला तेच हवे असे. पीएसपीवर गल्ला नाही, रांग नाही. खेळाडूने पैसे एकदाच आणि आधीच मोजलेले असतात. नाण्याचे गणित गेले आणि त्याची शिक्षा तेवढी उरली, असे या खेळाचे झाले आहे.

शिवाय हातातले यंत्र तुकड्यातुकड्याने खेळले जाते. स्वारगेटहून कात्रजला निघालेल्या बसमध्ये एक लांब मिशन पुरे करणे म्हणजे ड्रायव्हरच्या ब्रेकवर भरवसा ठेवणे. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये बसलेल्याला तीन तासांहून थोडा अधिक वेळ मिळतो. तिथे हा खेळ खुलतो. थोडक्यात, समीक्षकाने खुर्चीत बसून दिलेले गुण आणि प्रवाशाने दिलेले गुण यांत फरक पडणारच. यंत्र मध्येच झोपवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची सोय पीएसपीत आहे, तिने बरेचसे निभावते. पण चुकलेले मिशन तिने वाचत नाही.

आणखी एक गोष्ट समीक्षेच्या हिशेबात येत नाही. पीएसपीच्या यूएमडी तबकड्यांवरच्या खेळांना प्रदेशाचे कुलूप नव्हते, त्यामुळे परदेशातून कुणी आणलेली तबकडी इथल्या यंत्रातही चाले. पुढे यंत्राचे सॉफ्टवेअर बदलून मेमरी स्टिकवर खेळ उतरवण्याची वाट निघाली. तसा फुकट मिळालेला खेळ पहिल्या अवघड मिशनला सोडून देणे फार सोपे; तीसचाळीस खेळ शेजारी वाट पाहत असतात. पैसे मोजणारा दात-ओठ खात राहतो आणि कधी कधी त्याला मजा सापडतेही. बटणे दाबून दाबून यंत्र थकले की बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची तापकीर गल्ली आहेच.

काठिण्य असे हाताबाहेर का जाते, याचे एक साधे कारण व्यवसायात सापडते. खेळ बनवणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने तेच मिशन इतक्यांदा खेळलेले असते की त्याच्या बोटांना ते सोपे झालेले असते. पुण्यात हे काम अनोळखी नाही: खेळ बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या दुसऱ्या कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि खेळांच्या चाचणीचे काम इथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. नवख्या हातांना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर गेम ठेवण्याची पद्धत याच अडचणीवरचा उतारा.

तुलनेसाठी बर्नआउट लेजंड्स पाहावा. तोही २००५ मधला, त्याच यंत्रावरचा. धडकाधडकी भरपूर, पण शर्यती आटोपशीर, म्हणून समीक्षकांनी त्याला अधिक मोकळ्या हाताने गुण दिले. त्यात उडी नाही, आणि उडीची चव घेतलेल्याला ती उणीव जाणवते.

पर्स्यूट फोर्सचा दुसरा भाग, एक्स्ट्रीम जस्टिस, युरोपात २००७ च्या अखेरीस आणि अमेरिकेत जानेवारी २००८ मध्ये आला. त्याच सुमारास सोनीने बिगबिग स्टुडिओज विकत घेतला. पीएसपीनंतरच्या व्हिटा यंत्रासाठी लिटल डेव्हियंट्स हा खेळ तयार करून २०१२ मध्ये हा स्टुडिओ बंद झाला.