सीजीपीएची टक्केवारी अर्जात कशी भरावी आणि रूपांतर प्रमाणपत्र कोणाकडून घ्यावे

बँकेच्या किंवा सरकारी नोकरीच्या अर्जात ‘पदवीची टक्केवारी’ असा रकाना असतो आणि श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीने शिकलेल्या उमेदवाराच्या गुणपत्रकावर बहुधा टक्केवारीच नसते, फक्त सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची मिळून दहापैकी काढलेली सरासरी श्रेणी असते. मग कोणी दहाने गुणतो, कोणी मित्राने सांगितलेले सूत्र वापरतो. अर्ज स्वीकारला जातो, लेखी परीक्षाही पार पडते आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी आकडा जुळत नाही म्हणून उमेदवार बाहेर पडतो. इतक्या उशिरा झालेली ही चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून ती अर्ज भरतानाच टाळायला हवी.

एकच सीजीपीए घेऊन पाहू. समजा तो 6.70 आहे. दहाने गुणल्यास 67 टक्के होतात. सीबीएसईने दहावीसाठी दिलेल्या 9.5 या गुणकाने 63.65 येतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पद्धतीने, म्हणजे सीजीपीएतून 0.75 वजा करून दहाने गुणल्यास, 59.5 येतात. पात्रतेची अट 60 टक्क्यांची असेल, तर पहिल्या दोन उत्तरांनी उमेदवार पात्र ठरतो आणि तिसऱ्याने अपात्र. यातले आपल्या सोयीचे सूत्र निवडण्याचा अधिकार उमेदवाराला नाही. ज्या विद्यापीठाने श्रेणी दिली, त्याच विद्यापीठाचा नियम लागू होतो, आणि तोही आपण ज्या वर्षीच्या अभ्यासक्रम-आराखड्यात शिकलो त्या आराखड्याचा. 9.5 हा गुणक मुळात दहावीच्या सूचक टक्केवारीसाठी होता. तो पदवीला लावण्याची सवय अनेकांना नडली आहे.

नियम शोधण्यासाठी आधी गुणपत्रकाची मागची बाजू वाचावी. तिथे सूत्र छापलेले नसेल, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे परिपत्रक पाहावे.

अंतिम सीजीपीए गुणपत्रकावर नसेल आणि तो सत्रांवरून काढावा लागत असेल, तर सर्व सत्रांच्या एसजीपीएची, म्हणजे एकेका सत्राच्या सरासरी श्रेणीची, साधी सरासरी काढू नये. प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणावा, बेरीज करावी आणि एकूण श्रेयांकांनी भागावे. 20 श्रेयांकांच्या सत्रात 6.00 आणि 24 श्रेयांकांच्या सत्रात 8.00 असतील, तर उत्तर 7.00 नव्हे, 7.09 येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीत ‘ओ’ श्रेणीला 10, ‘ए प्लस’ला 9, ‘ए’ला 8 असे उतरत ‘पी’ला 4 गुणांक आहेत; अक्षरांवरून थेट टक्के ठरवू नयेत.

अपूर्णांकाबाबत कोणतीही सवलत गृहीत धरू नये. बँक भरतीच्या जाहिरातींत 59.99 टक्के हे 60 पेक्षा कमीच मानले जातील असे स्पष्ट लिहिलेले असते. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेच्या 55 टक्क्यांच्या अटीतही पूर्णांकात रूपांतर चालत नाही. तरीही दर वेळी कोणीतरी 59.6 चे 60 करून भरतो, आणि त्याला पडताळणीत ते सिद्ध करता येत नाही.

आता ज्या कागदावर बहुतेकांचे घोडे अडते, त्याकडे वळू. जाहिरातीत तळाशी एक वाक्य असते: श्रेणीचे टक्केवारीत रूपांतर करण्याचा विद्यापीठाचा नियम आणि त्या नियमानुसार उमेदवाराची टक्केवारी, असे दोन्ही नमूद असलेले योग्य अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मुलाखतीच्या वेळी सादर करावे. हे कन्व्हर्जन सर्टिफिकेट पदवीबरोबर आपोआप मिळेल असे धरून चालू नये. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नुसते परिपत्रक छापून नेल्यास त्यात उमेदवाराचे नाव नसते, आणि केवळ टक्केवारी लिहिलेल्या पत्रात नियम नसतो. दोन्ही अपुरे ठरतात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या कार्यालयाकडे जावे. प्राचार्यांच्या सहीचे पत्र पुरेल असे समजून राहू नये. स्वायत्त महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचे हाल अधिक होतात, कारण गुणपत्रक महाविद्यालयाचे आणि पदवी विद्यापीठाची असल्याने दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी; तोंडी विचारणेची कुठेच नोंद राहत नाही. ज्या कागदावर मुलांची नोकरी अवलंबून आहे, त्यासाठी त्यांना खिडक्याखिडक्यांवर फिरवणे अन्यायाचे आहे. हा आकडा पदवीच्या गुणपत्रकावरच छापला गेला पाहिजे.

तारखांचा घोळही नेहमीचा आहे. अर्जाची शेवटची तारीख आणि पात्रतेची तारीख या वेगळ्या असू शकतात, म्हणून दोन्ही पाहाव्यात. पात्रतेच्या तारखेपर्यंत निकाल जाहीर झालेला असावा लागतो. परीक्षा देऊन झाली एवढे पुरत नाही. बँक भरतीत गुणपत्रकावरची किंवा तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावरची तारीख उत्तीर्ण झाल्याची तारीख मानतात. निकाल आधी संकेतस्थळावर लागला आणि गुणपत्रकावर नंतरची तारीख पडली, तर तो निकाल कधी लागला याचे सही-शिक्क्याचे पत्र विद्यापीठाकडून वेगळे घ्यावे लागते.

पर्सेंटाइल मात्र टक्केवारीच्या रकान्यात कधीही लिहू नये. एमएचटी-सीईटीतील 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातील 92 टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जर्मनीतील विद्यापीठांसाठी टक्केवारीचा उपयोग मर्यादित असतो. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्राने सर्वोच्च श्रेणी, उत्तीर्णतेची किमान श्रेणी आणि आपली श्रेणी यांवरून 1 ते 4 मधला आकडा काढतात, आणि त्यात 1 सर्वोत्तम असतो. कमाल 10, किमान 4 आणि आपले 7 असतील तर 2.5 येतात, पण किमान 5 धरले तर तेच 7 गुण 2.8 वर घसरतात. म्हणून अर्जाला जोडायच्या गुणपत्रकावर उत्तीर्णतेची किमान श्रेणी छापलेली आहे का ते तपासावे आणि नसल्यास विद्यापीठाकडून तेवढ्यासाठी पत्र मागून घ्यावे.