चपला बाहेर काढून शिकलेला संगणक

नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या आमच्या शाळेत संगणकाचा तास म्हणजे आधी चपला दाराबाहेर. आत एसी, यंत्रांवर प्लॅस्टिकची आवरणं, एका कीबोर्डवर तिघं. बाकी वेळ वहीत मॉनिटर-माऊसची चित्रं काढून नावं द्यायची. तेही पाचवीनंतर, प्राथमिकच्या पोरांनी खिडकीतून बघायचं.

खरं तर मूळ कल्पना लहानांसाठीचीच. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा मुलांसाठी म्हणूनच केली. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम करून आले होते. मूल करून बघत शिकतं, हा धडा तिथला. लोगोत पडद्यावरच्या कासवाला ‘फॉरवर्ड १००, राइट ९०’ असं चारदा सांगितलं की चौकोन उमटतो. त्रिकोणाला मात्र ६० अंश दिले की फसतं, १२० लागतात. का, ते कळायला मूल स्वतः उठून कासवासारखं चालून बघतं.

आपल्याकडे संगणक वरून खाली उतरला. १९८४ च्या केंद्राच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता योजनेतले बीबीसी मायक्रो संगणक मोठ्या मुलांच्या शाळांत गेले, २००४ ची आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) योजनाही माध्यमिकसाठीच. त्यात २००१ मध्ये एमकेसीएल हे राज्याचं संगणक-प्रशिक्षण महामंडळ आलं आणि एमएस-सीआयटीचे फलक गल्लोगल्ली लागले. नोकरीसाठी तो कोर्स बरोबरच होता. पण संगणक म्हणजे वर्ड, एक्सेल आणि सर्टिफिकेट, हे पालकांच्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं असावं.

वेगळा विचार पवईत झाला. आयआयटी मुंबईच्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय अभ्यासक्रमाने पहिलीपासून पायरी-पायरीने विचार करण्यावर भर दिला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचं स्क्रॅच, मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग, हेही आलं: ठोकळे जोडा, मांजर चालवा. स्पेलिंग चुकलं म्हणून प्रोग्रॅम अडत नाही.

ठाणे जिल्ह्यात मात्र नाव झालं ते शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याचं. संदीप गुंड या शिक्षकांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला आणि तो बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. अर्थात डिजिटल वर्ग आणि प्रोग्रॅमिंग या दोन गोष्टी आहेत. आपण त्या सर्रास एकच धरतो.

२०२० च्या शिक्षण धोरणाने कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेवलं. त्याच वर्षी ऑनलाइन क्लासवाल्यांच्या जाहिराती सहा वर्षांच्या मुलांच्या आईबापांना घाबरवत होत्या. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने २०२६-२७ पासून तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार (तोच पायरी-पायरीने विचार) शिकवण्याचं जाहीर केलं. नवी मुंबई महापालिका सीवूड्स आणि कोपरखैरण्यात सीबीएसईच्या शाळाही चालवते, तिथे दिल्लीचा अभ्यासक्रम लागू होतो. तिच्याच मराठी शाळांतल्या तिसरीच्या वर्गात काय शिकवायचं, ते पुण्यातून, राज्याच्या अभ्यासक्रमात ठरतं.