ख्यालीखुशाली (मराठवाड्यातील, मोबाइलवरची)

मराठवाड्यात दूर राहणारे मित्र, दहावीचे वर्गसोबती, भावकीतली मंडळी आणि माहेरच्या मैत्रिणी मोबाइलवर एकमेकांची जी रोजची विचारपूस करतात, ती ख्यालीखुशाली. पोस्टकार्डावर ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’ या एका ओळीत जे उरकायचे, ते आता दिवसातून दोनदा होते. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि पुणे, मुंबई, हैदराबादेत कामाला गेलेली माणसे गावाकडच्यांशी व्हॉट्सॲपवर रोज बोलू लागली. बोलणे किरकोळ असते, त्याचा क्रम मात्र ठरलेला असतो. आणि खरी बातमी पहिल्या वाक्यात जवळजवळ कधीच येत नाही.

सुरुवातीपासून ‘बाकी’पर्यंत

‘राम राम’, ‘जय शिवराय’, ‘जय भीम’, ‘जय हरी’, ‘सलाम’ यांपैकी जे समोरून आले तेच परत द्यायचे. ‘जय भीम’च्या उत्तरात नुसता अंगठा पाठवला तर खटकतो. पुढचा प्रश्न ‘जेवलास का?’ दुपारी एक ते तीन आणि रात्री नऊनंतर तो हमखास येतो. उत्तर ‘झालं, तुझं?’ एवढेच. काय जेवलो हे सांगायचे नसते, कारण विचारणाऱ्याला समोरच्याचे ताट बघायचे नसून त्याला सवड आहे का ते बघायचे असते. ‘आत्ता बसायलाव’ याचा अर्थ अर्ध्या तासाने बोल.

मग ‘काय करायलास?’ त्याचे सर्वांत खपाचे उत्तर ‘निवांत’. नोकरी लागलेला निवांत असतो आणि नोकरी गेलेलाही निवांतच असतो, तेव्हा या शब्दावरून कोणाचे बरे चालले आहे असा अंदाज बांधू नये.

तीन-चार फेऱ्या झाल्या की ‘बाकी?’ किंवा ‘बाकी काय इशेष?’ येते. हिशेबात शिल्लक उरते ती आणि ही बाकी, शब्द एकच, मूळ अरबी. येथून दोन वाटा फुटतात. ‘बाकी काय नाही, तूच सांग’ म्हणजे बोलणे संपत आले. ‘बाकी एक इचारायचं व्हतं’ म्हणजे आता मुद्दा: सोयरीक, उसने पैसे, दवाखाना, नाहीतर भावाशी बिनसलेली वाटणी. ‘बाकी’ येण्याआधीच अंगठा पाठवून मोकळा होणारा माणूस बातमीला मुकतो, आणि महिन्याने ‘मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणतो.

पाऊसपाणी

जून ते सप्टेंबर ‘जेवलास का’च्या आधी ‘पाऊस हाय का?’ येते. पुण्यातला माणूस हवेबद्दल विचारतो तसला हा प्रश्न नव्हे. विचारणाऱ्याची चार एकर सोयाबीन गावात असते. म्हणून ‘पडला थोडा’ हे उत्तर निरुपयोगी. जाणता माणूस जागा आणि माप सांगतो: ‘गावात नाही, खालच्या शिवारात पडला, नांगरट भिजली’, ‘वाफसा नाही अजून’, म्हणजे जमीन अजून पेरणीजोगी झालेली नाही. कृषी खाते 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणते, त्यामुळे जूनमधल्या गप्पांत हा आकडा फिरत राहतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरा आकडा येतो. महसूल मंडळात (काही गावांच्या सरकारी गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी, आणि तिच्यावर पंचनामा व मदत अवलंबून. शेत एका मंडळात, पर्जन्यमापक दुसऱ्या टोकाला, यावरून अर्धा दिवस बोलणे चालते.

धरणाची टक्केवारी हाही रोजचा विषय: पैठणचे जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी, नांदेडचे विष्णुपुरी. जायकवाडी भरते ते नाशिक-अहिल्यानगरच्या पावसावर, म्हणून नाशिकच्या मित्राला अचानक मान येतो. येथे एक चूक नेहमी होते. टक्केवारी असते ती उपयुक्त साठ्याची. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, एकूण 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी मावते, त्यातले सुमारे 76 उपयुक्त आणि 26 मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेले तळाचे पाणी. ‘शून्य टक्के’ लिहून आले तरी तळ उघडा पडलेला नसतो.

भाव (सोयाबीन, तूर, कापूस) दोन वाक्यांत उरकतात. बोलणारे दोघेही त्यावर नाराज असतात.

बातमी सांगण्याची रीत

मृत्यूची बातमी आधी घरच्या जवळच्या माणसाला फोन करून खात्री करायची, मगच ग्रुपवर टाकायची. ‘नाना गेले’ असे लिहू नये. नाना पुण्याला गेले की वारले, हे त्यातून कळत नाही, आणि तेवढ्यात पाच जण श्रद्धांजली वाहून मोकळे होतात. ‘वारले’ किंवा ‘निधन झाले’ लिहावे, कोणाचे कोण ते लिहावे, आणि अंत्यविधीची वेळ व जागा लिहावीच. लातूर पुण्याहून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, नांदेड साडेचारशेच्या आसपास. निघायचे की थेट सावडायला जायचे, हे त्या वेळेवरून ठरते. चूक झाली तर 15 मिनिटांत मजकूर दुरुस्त करता येतो, आणि सर्वांसाठी पुसून टाकायला सुमारे अडीच दिवस मिळतात. पण तोवर त्याचा फोटो काढून दुसऱ्या ग्रुपवर गेलेला असतो.

रक्ताची मागणी टाकताना रक्तगट, किती पिशव्या, कोणती रक्तपेढी, नातेवाइकाचा नंबर आणि तारीख हवी. तारीख नसली की तो मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आणि रुग्ण घरी येऊन कामाला लागला तरी नातेवाइकाचा फोन वाजत राहतो. गरज भागल्यावर ‘भागली’ असे लिहायला लोक विसरतात.

सोयरीक जमली तरी सुपारी फुटेपर्यंत ग्रुपवर कोणी बोलत नाही; मोडली तर लेकीच्या नावाची चर्चा नको. लग्नाची पत्रिका ग्रुपवर टाकली म्हणजे आवतन दिले असे होत नाही. ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ लिहिले तरी नाही. जवळच्यांना फोन, थोरल्यांना घरी जाऊन अक्षत. निकालाचेही तसेच: लातूर, नांदेडकडच्या ग्रुपात ‘नीट’च्या निकालादिवशी कोणाच्या लेकराला किती मार्क पडले हे विचारायचे नसते. चांगले पडले असतील तर फोटोसह आपोआप येतात.

पैसे उसने मागायचे ते एकट्यालाच, आणि शक्यतो बोलून. मित्राच्या नंबरवरून अचानक पैशांची मागणी आली तर भाषा बघावी. एरवी ‘कुठं हायस लेका’ लिहिणारा ‘कृपया त्वरित सहकार्य करा’ लिहू लागला, तर आधी फोन लावावा.

बायकांच्या गप्पांत एक जास्तीची पायरी असते: ‘फोन कोणाच्या हातात हाय?’ घरात मोबाइल एक, त्यावर नाव नवऱ्याचे, आणि गॅलरी लेकराची. म्हणून मनातले लिहीत नाहीत. एकटी असल्याची खात्री झाल्यावर बोलतात.

ऊसतोडीला गेलेल्यांची वेळ तर वेगळीच. बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पहाटेपासून हातात कोयता असतो, तेव्हा लिहिण्याऐवजी आवाज भरून पाठवतात, तोही गाडी भरून झाल्यावर रात्री. गावात आजीजवळ राहिलेले लेकरू सकाळी ते ऐकते. अशा निरोपाला लगेच उत्तर येत नाही म्हणून रुसायचे नसते.

निरोप

‘बरं मंग’, ‘चल ठिवतो’, ‘या एकदा गावाकडं’. शेवटच्या वाक्याला तारीख विचारू नये. विचारली की यजमान अडचणीत येतो. अपवाद येळवशीचा. लातूर, धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावस्येला सगळे शेतात जेवतात, त्यामुळे ‘येळवशीला या’ हे खरेखुरे आवतन असते. आदल्या रात्री शेताचे लोकेशन येते, पण शिवारात रेंज नसते, म्हणून सोबत ‘वढ्याच्या पलीकडं, चिंचेपासून डावीकडं’ असेही लिहिलेले असते. भज्जी, उंडे आणि आंबिलीचा माठ कोपीजवळ (शेतात उभारलेल्या कडब्याच्या खोपीजवळ) असतो. पाहुण्यांनी दुपारी बारापर्यंत पोचावे.